सोवळं, संसर्ग आणि हात

आजचा विषय रुग्णालयात काम करणाऱ्या माणसांनी संसर्गापासून घ्यायच्या खबरदारीचा इतिहास हा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या विषयावर का बोलावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर वर्गातलं. विज्ञान-तत्त्वज्ञानाचे अभ्यासक कार्ल हेम्पेल यांचं एक छोटं पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झालं. गृहीतक कसं मांडायचं, कसं तपासायचं, हे समजावताना त्यांनी जे उदाहरण घेतलं ते व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहातलं. आम्ही तत्त्वज्ञानवाले ती गोष्ट वर्षानुवर्षं शिकवत आलो आहोत. दुसरं उत्तर अलीकडचं. २०२० साली कोरोना आला आणि एक वाक्य घरोघरी फिरू लागलं: बघा, आपल्या पूर्वजांनी सोवळं-ओवळं सांगितलं होतं, तेच आता डॉक्टर सांगताहेत. लांब राहा, शिवू नका, बाहेरून आलात की हातपाय धुवा. तुम्हीही ते ऐकलं असेल. हे वाक्य खरं आहे का, एवढाच आजचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला मात्र आपल्याला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणत्या बाईने कुठे जायचं हे दिवसावर ठरे. आज पहिला विभाग भरती करून घेणार, उद्या दुसरा. म्हणजे बायका त्याच शहरातल्या, त्याच परिस्थितीतल्या. आणि मृत्यू? १८४४ साली पहिल्या विभागात ३,१५७ बाळंतिणींपैकी २६० जणी सूतिकाज्वराने गेल्या, म्हणजे शेकडा आठाहून अधिक. १८४६ साली हे प्रमाण शेकडा अकराच्या वर गेलं. दुसऱ्या विभागात मात्र ते शेकडा दोन-तीनच्या आसपास. शहरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून बायका हातापाया पडत. रुग्णालयाच्या वाटेवर रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकासुद्धा पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा जास्त वाचत.

१८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर तिथे साहाय्यक म्हणून लागला. त्याने एकेक कारण तपासायला घेतलं. हवेत दोष आहे? मग तो दोन विभागांत भेद कसा करील? गर्दी आहे? गर्दी तर दुसऱ्या विभागात जास्त. मरणोन्मुख बाईला अंतिम संस्कार द्यायला पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जातो, त्याची धास्ती बायका घेतात का? घंटा बंद केली, पाद्र्याला दुसऱ्या वाटेने पाठवलं. फरक पडला नाही. प्रसूतीच्या वेळी बाईला पाठीवर निजवतात की कुशीवर? तेही बदलून पाहिलं. शून्य फरक.

मार्च १८४७ मध्ये त्याचे सहकारी कोलेत्श्का वारले. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांना लागली होती. त्यांच्या आजाराची लक्षणं आणि बाळंतिणींची लक्षणं सारखीच होती. सेमेलवाइसला दुवा सापडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतांवर काम करतात, वरवर हात धुतात, तसेच प्रसूतीच्या खोलीत येतात आणि बायकांना तपासतात. सुइणी शवविच्छेदन करत नाहीत. मे महिन्याच्या मध्यापासून त्याने ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. ब्लीचिंग पावडरच का? तर हाताला राहणारा प्रेताचा वास तिने जातो म्हणून. जंतूंची कल्पना अजून रूढ झाली नव्हती. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनवर आलं.

वर्गात ही गोष्ट साधारण इथे संपते. गृहीतक मांडलं, तपासलं, टिकलं. इतिहासात मात्र ती इथे सुरू होते. त्याच वर्षी शरद ऋतूत काय झालं ते बघा. गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक स्त्री विभागात होती. तिला स्राव होत होता. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि नंतर साबणाने हात धुऊन, पण ब्लीचिंग पावडर न वापरता, त्याच रांगेतल्या बारा जणींना तपासलं. त्यांतल्या अकरा दगावल्या. ही बाई तर जिवंत होती! तेव्हा सेमेलवाइसला आपलं म्हणणं रुंदावावं लागलं. दोष फक्त प्रेतात नाही. सडणारा पदार्थ जिवंत माणसाकडूनही येऊ शकतो, आणि हात तो पुढे नेतो. म्हणून शवागारातून आल्यावर एकदा हात धुणं पुरेसं नाही, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना ते धुवायला हवेत. आज जगातल्या प्रत्येक वॉर्डात जो नियम लावला जातो, त्याचं मूळ या अकरा मृत्यूंमध्ये आहे.

मग लोकांनी ते मान्य का केलं नाही? आपण सहज म्हणून टाकतो, लोक अडाणी होते, जंतू माहीत नव्हते. ते अर्धंच खरं. कारण हे सांगणारा सेमेलवाइस पहिला नव्हता. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ सालीच लिहून ठेवलं होतं की हा ताप डॉक्टर आणि सुइणी एका बाईकडून दुसरीकडे नेतात. नेणाऱ्यांत आपण स्वतः आहोत, हेही त्यांनी कबूल केलं. कोणत्या सुईणीच्या हातून किती जणी आजारी पडल्या याचा तक्ता नावानिशी छापला. परिणाम काय? गावाने त्यांना नको केलं, त्यांना ॲबर्डीन सोडावं लागलं. बॉस्टनमध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ साली तेच मांडलं. त्यांना विरोध करणाऱ्यांत फिलाडेल्फियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज होते, आणि त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा होता की डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात, आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात.

या युक्तिवादावर जरा थांबू या, कारण आजच्या विषयाची किल्ली इथे आहे. हातावर काय आहे, तो कशाला लागून आला, हे मेग्ज विचारतच नाहीत. हात कोणाचा आहे एवढंच ते विचारतात. माणूस प्रतिष्ठित, म्हणून हात शुद्ध. ओळखीचं वाटतंय ना? हे सोवळंच आहे, फक्त फिलाडेल्फियातलं.

ज्यांनी हे सत्य मान्य केलं त्यांची अवस्था काय झाली, तेही सांगायला हवं. जर्मनीतल्या कील शहराचे गुस्ताव मिखाएलिस हे नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ. सेमेलवाइसची पद्धत त्यांनी लगेच स्वीकारली. पण ती स्वीकारताच त्यांना कळलं की काही काळापूर्वी त्यांच्याच नात्यातली एक स्त्री त्यांच्या उपचाराखाली सूतिकाज्वराने गेली होती, ती बहुधा त्यांच्याच हातून. ते त्यांना सहन झालं नाही. १८४८ साली त्यांनी आत्महत्या केली. दुसरीकडे सेमेलवाइस स्वतः शेवटी शेवटी इतका कडवट झाला की युरोपातल्या प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून त्यांना खुनी म्हणू लागला. जुलै १८६५ च्या अखेरीस त्याला मनोरुग्णालयात टाकण्यात आलं, आणि १३ ऑगस्टला जखम चिघळून तो वारला. आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली सापडलेल्या एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरलं होतं. दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

तर गॉर्डन, मिखाएलिस, सेमेलवाइस या तिघांच्या गोष्टीतून काय दिसतं? 'तुझ्या हाताने माणूस मेला' हे वाक्य पेलणं कठीण असतं. ते ऐकून एक जण गाव सोडतो, एक जीव देतो, बाकीचे कान बंद करतात. खबरदारी ही जोपर्यंत माणसाच्या दोषाची गोष्ट राहते, तोपर्यंत ती टिकत नाही. दोष बाजूला ठेवून तिची सवय कशी करायची, हे शिकायला वैद्यकाला आणखी शंभर-सव्वाशे वर्षं लागली.

आता दुसरी बाजू. आतापर्यंत आपण रुग्णाला डॉक्टरपासून वाचवण्याचं बोललो. पण संसर्गाची वाट दुहेरी असते. इथे आपल्याला पुण्यात यावं लागेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात तो पहिल्यांदा ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगास हे मूळचे गोव्याचे. पुढच्या वर्षी प्लेग पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणल्याचं आपल्याकडे सांगितलं जातं. त्याच साथीत त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ साली. म्हणजे सावित्रीबाईंना स्वतःला कसं जपायचं हे सांगू शकेल असं कोणीच तेव्हा नव्हतं. ज्या मुलाला शिवायलाही समाज तयार नव्हता, त्याला त्यांनी उचललं, एवढं आपण अभिमानाने सांगतो. पण खरी सुधारणा कोणती? अशा स्त्रीला आजारी मुलाला उचलता यावं आणि तिला स्वतःला मरावंही लागू नये. रुग्णालयातल्या खबरदारीचं सगळं शास्त्र याच एका वाक्यात बसतं.

हातमोज्यांचा इतिहासही या दुहेरी वाटेचा आहे. १८८९ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीत कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिका होत्या. जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने त्यांच्या हातांची कातडी सोलून निघत होती. सर्जन हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीला सांगून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. पुढे दोघांनी लग्न केलं, हा भाग वेगळा! मुद्दा असा की हातमोजे आले ते नर्सचा हात वाचवायला. त्यामुळे रुग्णाची जखमही कमी चिघळते, हे नंतर लक्षात आलं. एकाला जपलं की दुसरा आपोआप जपला जातो.

आता आपण १९८० च्या दशकात येऊ. १९८१ साली अमेरिकेत एड्सची पहिली नोंद झाली. भारतात १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीची पहिली लागण आढळली. रुग्णालयांतली प्रतिक्रिया जगभर साधारण एकच होती: वेगळी खाट, केसपेपरवर खूण, जेवणाचं ताट दाराशी ठेवून निघून जाणं. १९८३ चा अमेरिकेतला नियमसुद्धा असा होता की ज्याला रक्तातून पसरणारा रोग आहे किंवा असल्याचा संशय आहे, त्याच्या बाबतीत रक्ताची काळजी घ्या. वरवर शहाणपणाचा वाटतो. पण तो दोन ठिकाणी फसतो. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणी काही आठवडे नकारार्थी येऊ शकते. म्हणजे ज्याच्या केसपेपरवर खूण नाही, त्याच्या बाबतीत नर्स गाफील. आणि संशय कोणावर घ्यायचा? संशय घ्यायची वेळ आली की माणूस रक्त पाहत नाही. कपडे पाहतो, वस्ती पाहतो, आडनाव पाहतो.

१९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, हा नियम उलटा केला. रुग्ण कोण आहे हे विचारूच नका. प्रत्येकाच्या रक्ताकडे ते संसर्गजन्य असू शकतं असं धरून वागा. याला सार्वत्रिक खबरदारी म्हणू लागले. १९९६ साली तिची व्याप्ती वाढली आणि 'स्टँडर्ड प्रिकॉशन्स' हे नाव रूढ झालं. रक्त, जखम, शरीरातले स्राव यांना हात लागणार असेल तर हातमोजे. ते काढल्यावर हात धुणं. काही उडण्याची शक्यता असेल तर तोंड-डोळे झाकणं. वापरलेल्या सुईला टोपण परत न लावता ती थेट सुयांच्या डब्यात टाकणं. नाडी बघायला, कपाळावर हात ठेवायला हातमोजे लागत नाहीत. नुसते स्वच्छ हात पुरतात.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने या बदलाकडे नीट पाहावं. इथे प्रश्नच बदलला आहे. 'समोरचा माणूस कोण आहे' हा प्रश्न गेला आणि 'मी आता काय करणार आहे' हा प्रश्न आला. नियम माणसाला चिकटवलेला नाही, कृतीला चिकटवलेला आहे. डॉक्टरचाही दोष नाही, रुग्णावरही संशय नाही.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. सोवळं आणि ही खबरदारी एकच का? दोन्हींत धुणं आहे, अंतर आहे, शिवण्याचे नियम आहेत. हातपाय धुण्याची सवय चांगली, तिच्याशी कोणाचं भांडण नाही. पण तीन फरक बघा. एक, सोवळं माणूस पाहतं आणि खबरदारी कृती पाहते. विटाळ जन्माने ठरवला गेला, तो कितीही आंघोळ केली तरी गेला नाही. हातावरचा जंतू अर्ध्या मिनिटात जातो, आणि तो कोणाच्याही हातावरून जातो. दोन, सोवळं एकाच बाजूला वाचवतं. सोवळ्यातल्या माणसाने दुसऱ्यापासून जपायचं असतं. त्याच्यापासून दुसऱ्याला धोका आहे ही कल्पनाच तिथे बसत नाही. सेमेलवाइसने नेमकं तेच सांगितलं: धोका वरून खाली आला, प्राध्यापकाच्या हातून गरीब बाईकडे. तीन, खबरदारी चुकू शकते, म्हणून ती सुधारते. अकरा बायका गेल्यावर सेमेलवाइसने नियम बदलला. सोवळ्याचा नियम कोणाच्या मरणाने बदलल्याचं आपल्याला माहीत नाही. तेव्हा ते वाक्य खरं नाही. दोन्हींत पाणी सारखं आहे, विचार उलटे आहेत.

याला कोणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी झालं. तर एक अलीकडचं उदाहरण घ्या. मे २०१८ मध्ये केरळात निपाह आला. पेरांब्राच्या सरकारी रुग्णालयात लिनी पुथुसेरी या परिचारिकेने सुरुवातीच्या एका रुग्णाची शुश्रूषा केली. त्याला कोणता आजार आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. त्या महिन्यातच त्या गेल्या. रोगाचं नाव कळल्यावर सगळेच सावध होतात. नर्स मात्र नाव कळण्याच्या आधीच रुग्णाजवळ पोचलेली असते. म्हणून खबरदारी निदानाच्या आधीची हवी, आणि तिचं साहित्य खाटेच्या बाजूला हवं, कुलपातल्या कपाटात नव्हे.

हे साहित्याचं का म्हणतो? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मोजून पाहिलं. हात धुवायला हवे होते त्यांतल्या निम्म्याहून कमी वेळा, शेकडा ४८ वेळा, ते धुतले गेले. डॉक्टरांचं प्रमाण नर्सपेक्षा कमी. आणि जिथे कामाची घाई जास्त, तिथे धुणं कमी. अज्ञान हे कारण नव्हतंच. बेसिनशी जाऊन नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि ते तासाला वीस-वीसदा करायचं! त्यांनी हाताला चोळायचं अल्कोहोल प्रत्येक खाटेशी ठेवलं, त्याचा आग्रह धरला, मोजणी चालू ठेवली. १९९७ पर्यंत प्रमाण शेकडा ६६ झालं आणि रुग्णालयात होणारे संसर्ग घटले. उपदेश करून जे साधलं नाही, ते बाटली हाताशी आणून साधलं.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. हा नियम 'सगळ्यांसाठी' आहे, यातले सगळे म्हणजे कोण? संसर्ग झालेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बी ची मात्र, लस घेतलेली नसेल तर, शेकडा तीसपर्यंत जाऊ शकते. आणि सुई फक्त डॉक्टर-नर्सना टोचत नाही. कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्या मावशींना टोचते, चादरी गोळा करणाऱ्या मामांना टोचते. ही कामं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कोणाच्या वाट्याला आली हे सांगायची गरज नाही. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवलं, त्यांच्याच हातात आपण सगळ्यात धोकादायक पिशवी देतो. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी असं लिहिलं आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात, संसर्गाचा धोका असलेल्या प्रत्येक कामगाराला खबरदारीचं साहित्य आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे, आणि रुग्णाशी भेदभाव करायला त्याच कायद्याने बंदी केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत, हा योगायोग नाही. रुग्णाला जवळ घ्यायचं तर शुश्रूषा करणाऱ्याला सुरक्षित ठेवावंच लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात, तर नर्सने हातमोजे घातले म्हणून अपमान वाटून घेऊ नका. ती तुम्हाला विटाळ मानत नाही. सगळ्यांशी वागते तशीच तुमच्याशी वागते. डॉक्टर तपासायला आले की 'डॉक्टरसाहेब, हात धुतलेत ना?' असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. आणि जाता जाता कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हातांकडे बघा. त्यांच्या हातात जाड, न फाटलेले मोजे आहेत का? त्यांना लस मिळाली आहे का? त्या रुग्णालयात सोवळं चालतं की खबरदारी, याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.